दादाचे केस

“भावजी, तुम्ही आला नाहीत ना, तर हे हातचे जातील हो…!”

वहिनी दारातच उभ्या होत्या. दोन वर्षांत त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि आज आल्या त्या पदराचंही भान नसल्यासारख्या! धाकटा हातातलं टाकून उठला.

“दादाला काय झालं?”

“कानामागं जखम आहे. केसांत लपवलेली. उशीला रक्त लागलं तेव्हा कुठं मला कळलं! कातडीचा कॅन्सर म्हणे, आणि तोही झपाट्यानं पसरणारा. कान काढायचा, मानेतल्या गाठी काढायच्या, मांडीची कातडी तिथं लावायची, मग किरणांचे शेक… उद्या ऑपरेशन आहे, आणि हे आता नको म्हणून हटून बसलेत. केस काढायला डोक्याला कुणाला हात लावू देत नाहीत. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुमचं तरी ऐकतील.”

माझं? धाकट्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण कानामागं काय होतं, ते जगात सगळ्यांत आधी त्यानं पाहिलं होतं!

न्हावी साऱ्या गावाची डोकी नीट करतो, पण स्वतःच्या मानेवरचा केस काही त्याला कापता येत नाही. म्हणून हे दोघे भाऊ दुकान उघडायच्या आधी एकमेकांचे केस कापत. वडील गेले तेव्हा दादानं शाळा सोडून वस्तरा हाती घेतला, धाकट्याला वाढवलं, दुकानातल्या खुर्चीमागं उभं करून कसब शिकवलं. दोन वर्षांपूर्वी, एकत्र दुकानातल्या त्या शेवटच्या सकाळी, केस कापताना धाकट्याला दादाच्या कानामागं मसुरीएवढी, लालसर, चकचकीत पुळी दिसली. सांगणारच होता… एवढ्यात गिऱ्हाइकं आली, दादाच्या वस्तऱ्यानं एकाचा गाल कापला, आणि हा मूर्ख चारचौघांत ओरडला, “आता वस्तरा खाली ठेव दादा, हात थरथरतो तुझा!”

ज्या हातानं भरवलं, त्या हाताला असं बोलायचं! दादानं तिथंच वस्तरा खाली ठेवला. संध्याकाळी माफी मागायची सोडून धाकट्यानंच रागारागानं आपलं सामान उचललं आणि पलीकडच्या रस्त्यावर वेगळं दुकान थाटलं. पुळीचं काय? असेल उष्णतेची, बघेल दुसरा कुणीतरी. असं म्हणून मोकळा झाला.

पण दुसरा कुणी बघणार कसा? धाकटा खुशाल दुसऱ्या न्हाव्याच्या खुर्चीत बसत होता. दादानं मात्र कुणापुढं मान वाकवली नाही. केस मानेवर आले, खांद्यावर रुळले. न्हाव्याच्याच डोक्यावर जंगल म्हणून लोक हसले, आणि त्यांच्याबरोबर हाही हसला होता! त्या जंगलाखाली काट्याचा नायटा होत होता… देवा, कुठं फेडू हे पाप!

दवाखान्यात दादा खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता. केवढासा झाला होता! 

“आलास? हिनं ओढून आणलं असेल.”

धाकट्यानं त्याचे पाय घट्ट धरले. “दादा, मी पाहिली होती ती पुळी! त्याच दिवशी पाहिली होती. रागाच्या भरात गिळून बसलो. तुझा कान मी खाल्ला रे… मी!”

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. दादा मात्र शांत होता.

“ठाऊक आहे मला,” तो म्हणाला. “तुझा हात तिथं थबकला होता. तुला शिकवलंय मी. तुझा हात उगाच थबकत नाही.”

“मग डॉक्टरकडं का नाही गेलास?”

“म्हटलं, भाऊ आहे, येईल सांगायला. किती दिवस रुसेल? पुळी वाढली, तरी म्हटलं येईल… मग मीही हट्टाला पेटलो. तो आल्याशिवाय कुणाला दाखवायचीच नाही!”

“अहो, तुम्हां दोघांच्या रुसव्यात माझा संसार जळाला की हो!” वहिनी कडाडल्या, आणि दोघांच्याही माना खाली गेल्या.

धाकटा डोळे पुसत म्हणाला, “दादा, मला शिक्षा दे. पण मरून देऊ नकोस… जगून दे, रोज दे! भर दुकानात चार शिव्या घाल.”

“कान नसलेल्या न्हाव्याकडं कोण बसेल रे?”

“मी बसेन. सगळ्यांच्या आधी मी!”

दादानं भिंतीकडचं तोंड फिरवलं. “मग बघत काय बसलास? घे कापायला.”

वस्तरा नको, जखम होईल, असं बजावून नर्सनं केस कापायचं मशीन दिलं. दादानं मान खाली घातली आणि डोळे मिटले. केसांचे पुंजके पडू लागले. कानामागची जखम उघडी पडली तेव्हा धाकट्याला हुंदका आवरेना, पण हात मात्र त्यानं हलका ठेवला. वहिनींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आशेची थोडी धुगधुगी दिसत होती.

आणि मशीन टाळूवर आलं… तिथं एक पुळी होती. तांदळाच्या दाण्याएवढी, लालसर, चकचकीत. दाट केसांत डॉक्टरांनाही न दिसलेली.

धाकट्याचा हात थबकला. आत्ता कुठं दादाच्या कपाळावरची आठी सैलावली होती! आत्ताच कसं सांगू? उद्या डॉक्टर बघतीलच की… बघेल दुसरा कुणीतरी… तेव्हाही तो हेच म्हणाला होता! त्यानं मशीन बंद केलं.

“दादा, टाळूवर अजून एक आहे. लहान आहे. पण तसलीच आहे.”

वहिनी पुढं होऊन बघायला वाकल्या. दादाचा हात चाचपडत मागं आला आणि त्यानं धाकट्याचं मनगट धरलं. दोन्ही हात थरथरत होते; कुणाचा जास्त, ते कळत नव्हतं.

“सांगितलंस रे बाबा… सांगितलंस!” दादाच्या गालावरून पाणी ओघळलं. “जा, डॉक्टरांना बोलावून आण. आणि लगेच परत ये. अर्धं डोकं राहिलंय माझं.”