शनिवारचं एक चित्र

“आपली मुदत संपली आहे.”

पडद्यावरचं वाक्य मी मोठ्यानं वाचलं. मनात वाचून ते खरं वाटत नव्हतं.

“दिसत तर नाही तसं,” मागून कोणीतरी म्हणालं.

मी बसथांब्याच्या बाकावर बसले होते. मांडीवर लॅपटॉप, वर पत्र्यावर बारीक पावसाचा ठेका. मागे वळून पाहिलं, तर एका दुकानाच्या दारात एक माणूस कीबोर्ड उलटा धरून थोपटत उभा होता... ढेकर काढायला बाळाला थोपटतात ना, अगदी तसा. कीबोर्डमधून बिस्किटाचा चुरा गळत होता.

“माझी नाही, प्रोग्रॅमची मुदत,” मी फणकारले.

“मग ठीक. माणसाची असती तर माझ्याकडे इलाज नव्हता.”

तेवढ्यात बस आली. दार उघडलं, मिटलं आणि बस निघून गेली. मी चढलेच नाही!

दुकानाच्या दारावर पाटी होती – ‘चपला बाहेर. आत धूळ नको.’ उंबरठ्यापाशी त्याच्या चपला होत्या. एकीचा अंगठा तुटला होता, तो त्यानं तांबड्या वायरनं बांधला होता. मी माझ्या चपला शेजारी काढल्या आणि आत गेले.

मी लहान मुलांना चित्रकला शिकवते. मुलं मला चित्रबाई म्हणतात. शाळा सुटल्यावर, घरी, मी एका हरवलेल्या चपलेची गोष्ट संगणकावर काढत होते. उजव्या पायाची एक चप्पल डाव्या पायाच्या चपलेला शोधत गावभर फिरते, एवढीच गोष्ट. चित्रं काढायचा प्रोग्रॅम रीतसर परवाना घेऊन घेतला होता. पण ती कंपनी दुसऱ्या, मोठ्या कंपनीनं विकत घेतली आणि मोठीनं तो प्रोग्रॅमच बंद करून टाकला. माझा संगणक रोज इंटरनेटवरून विचारायचा, “या बाईंचा परवाना बरोबर आहे ना?” आणि पलीकडे उत्तर द्यायला कोणी उरलं नव्हतं. पैसे भरायला मी तयार होते, घ्यायला कोणी नव्हतं. वर्गातल्या मुलांना मी असं सांगितलं – खाऊ माझा, डबा माझा, झाकणाची किल्ली मात्र दुकानदाराकडे... आणि दुकानदार गाव सोडून गेलाय.

तेच मी त्यालाही सांगितलं. तो खळखळून हसला आणि मग एकदम तापला.

“आता कोणी काही विकतच नाही हो. सगळं भाड्यानं! उद्या चमचा भाड्यानं मिळेल. भाडं थकलं, की घास तोंडाशी येऊन थांबेल.”

“तुमचं वय काय हो, आजोबा?”

“आजोबा? तुमच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेन.”

“बोलता मात्र पेन्शनीत निघाल्यासारखं. आणि तो प्रोग्रॅम लिहिणारा? त्यानं काय हवा खाऊन जगायचं?”

“त्याला द्या ना. भरपूर द्या. पण एकदा घेतलं, की माझं ते माझं. माझ्याच वस्तूला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणाऱ्याला मी विक्रेता म्हणत नाही.”

“मग काय म्हणता?”

“बाईंसमोर म्हणता येणार नाही.”

त्या दिवसापासून मी त्याला आजोबाच म्हणू लागले.

माळ्यावरून त्यानं एक जुना, पिवळट पडलेला संगणक उतरवला. त्याच्यात त्याच प्रोग्रॅमची फार जुनी प्रत होती, परवाना कोणाला न विचारणारी. “याला इंटरनेटची हवाच लागू दिलेली नाही,” तो म्हणाला, “म्हणून अजून शुद्धीवर आहे.” माझ्या लॅपटॉपमधल्या सगळ्या फाइली त्यानं त्यात घेतल्या आणि बऱ्याच खटपटीनंतर पडद्यावर माझं एक चित्र उगवलं. भिंतीवर पावसात भिजत बसलेली चप्पल! मी टाळ्याच वाजवल्या. तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता... आणि मी वळले तसा घाईघाईनं स्क्रू शोधू लागला.

“किचकट काम आहे,” खाली बघत तो म्हणाला. “एकेक चित्र बाहेर काढावं लागेल. कुठल्याही संगणकात उघडेल असं करून देतो. पण... वेळ लागेल. शनिवारी याल?”

शनिवार माझा झाला. दर शनिवारी एक चित्र. बाकाखाली अंग चोरून बसलेली चप्पल. कुत्र्याच्या तोंडातून सुटून पळणारी चप्पल. गटाराच्या पाण्यात होडी होऊन निघालेली चप्पल. मी येण्याआधी तो शर्टाच्या बाहीनं पडदा पुसून ठेवायचा. माझं स्टूल डुगडुगायचं म्हणून त्यानं एका पायाखाली जुन्या यंत्रातली सर्किटची हिरवी पट्टी सारली, तरी ते डुगडुगायचंच. तिथं बसून आम्ही जगाचा न्याय करायचो.

“सगळे म्हणतात, फोटो ढगात ठेवा,” मी म्हणायचे.

“ढग-बिग काही नसतं. दुसऱ्याच्या घरातलं कपाट असतं ते.”

“माझ्या कपाटाला वाळवी लागते, आजोबा. दुसऱ्याचं बरं.”

“आणि त्यानं घर बदललं तर?”

“हल्ली संगणक स्वतःच चित्रं काढतात म्हणे. मग माझं काय?”

“काढू देत. चप्पल हरवल्याचं दुःख त्याला कुठून कळणार? पाय आहेत का त्याला?”

हे म्हणताना मात्र तो आजोबांसारखा बोलला नव्हता. हळू बोलला होता. माऊसकडे दोघांचे हात एकदमच गेले होते, आणि दोघांनी एकदमच मागे घेतले होते. मग चित्र कोणी मोठं करायचं, तेच ठरेना!

प्रत्येक शनिवारी निघताना तो एकच विचारायचा, “मग? भेटते का तिला जोडीची चप्पल?”

“शेवटचं चित्र निघालं, की कळेल.”

“तोवर आम्ही जीव टांगणीला लावून बसायचं?”

“बसा.”

घरी वहिनी दारातच अडवायची. “शनिवारी एवढे केस विंचरून कुठे स्वारी?”

“संगणकाच्या दुरुस्तीला.”

“असं होय! संगणकाला दिसतं वाटतं आता.”

मधल्या काळात एका प्रकाशक बाईंनी माझी निघालेली दोन-तीन चित्रं पाहिली. त्यांना ती फार आवडली. “पुस्तक करू या,” त्या म्हणाल्या, “पण शाळा उघडायच्या आत सगळी चित्रं हातात हवीत.” माझं पहिलं पुस्तक! रस्त्यानं मी जवळजवळ उड्या मारत घरी आले.

पण त्याला मी सांगितलं नाही. बिचारा आधीच एवढी खटपट करतोय. घाई आहे म्हटलं तर जेवण-झोप सोडून बसेल, असं वाटलं. दर शनिवारी मनाशी ठरवून जायचे, आज विचारायचंच – जरा लवकर होईल का? आणि दर शनिवारी तो मान वर करून हसायचा... मी हवापाण्याबद्दल बोलायचे.

प्रकाशक बाईंनी वाट पाहिली. मग पुन्हा वाट पाहिली. शेवटी फार प्रेमानं त्यांनी कळवलं, की या वेळी दुसऱ्या कोणाचं तरी पुस्तक घेतलंय.

त्या शनिवारी मी नेहमीसारखीच गेले. स्टुलावर बसले आणि शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, “आता सावकाश काढा हं, आजोबा. घाई संपली.”

“घाई? कसली घाई?”

मी सांगितलं. सगळं. त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावरून घरंगळत खाली पडला. त्यानं उचलला नाही. मग त्यानं खण उघडला आणि एक छोटा पेन ड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला.

“यात आहेत.”

“काय?”

“सगळी चित्रं. कुठंही उघडतील अशी.”

“आज काढलीत?”

तो आता खाली वाकून स्क्रूड्रायव्हर शोधू लागला.

“कधी काढलीत?”

“दुसऱ्याच शनिवारी,” तो म्हणाला. “एक निघालं, की सगळी एकदम निघतात... किचकट काही नव्हतंच.”

बाहेर एक बस येऊन थांबली, गेली.

“म्हणजे शेवटचं चित्रही तुम्ही पाहिलं होतं?”

“हो.”

“आणि तरी दर शनिवारी विचारत होतात, भेटते का म्हणून?”

“तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.” त्यानं मान वर केली. “मला वाटलं, चित्रं संपली की तुम्ही... तुमचं इथं दुसरं काय काम होतं?”

एखाद्या दुसऱ्या दिवशी हेच वाक्य ऐकून मी विरघळले असते. त्या दिवशी मला फक्त माझं न झालेलं पुस्तक दिसत होतं.

“माझ्याच वस्तूला कुलूप,” मी म्हणाले, “आणि किल्ली तुमच्या खणात. त्या कंपनीनं निदान पडद्यावर लिहून तरी दाखवलं होतं.”

पेन ड्राइव्ह उचलून मी उठले. स्टूल डुगडुगलं. उंबरठ्याशी चपला घालताना मला आपली उजवी कुठली, डावी कुठली तेही कळत नव्हतं.

घरी वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. त्याला चार शिव्या घातल्या. मग चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, “पण एक सांग. आपल्या चौकात संगणकाचं एवढं मोठं दुकान आहे. शाळेच्या वाटेवर. तिथं कधी का नाही दाखवलंस?”

“तिथं... गर्दी असते.”

“असते ना. शनिवारी फार असेल.”

वहिनी आणखी काही बोलली नाही, हा तिचा मोठेपणा.

पण चूक कळणं आणि पाऊल उचलणं यांत फार अंतर असतं. मी मुलांना सांगते, चित्र चुकलं तर लगेच खोडा. रंग वाळला की डाग जात नाही. माझा रंग मी वाळू दिला. शनिवार आले आणि गेले. शाळा उघडली. पुस्तक नाही तर नाही, मी चित्रं छापून वर्गाच्या भिंतीवर लावली. शेवटच्या चित्रात एका दारापाशी दोन चपला शेजारी शेजारी विसावलेल्या. मुलं रांगेनं बघत गेली. एक चिमुरडी मात्र तिथंच अडकली.

“बाई, ही दुसरी तर त्याच गल्लीत होती. मग हिला एवढा उशीर का झाला?”

“तिनं कोणाला विचारलंच नाही गं,” मी म्हणाले, आणि ते बोलून झाल्यावर मला पुढचा तास घेता येईना.

शाळा सुटल्यावर मी थेट बसथांब्याकडे गेले. लॅपटॉप घेतला नाही. हातात काहीच नव्हतं.

दुकानात फळ्या रिकाम्या होत्या. तो एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता. मला पाहिलं आणि पट्टी तशीच हातात लोंबत राहिली.

“काय बिघडलंय?” त्यानं सवयीनं विचारलं.

“काही नाही.”

“मग?”

“काही बिघडलेलं नसताना यायचं राहून गेलं होतं.”

तो हसला, पण हसू ओठांपर्यंतच आलं. “दुकान बंद केलं. हल्लीच्या वस्तूंना स्क्रूच नसतात, सगळं डिंकानं चिकटवलेलं. उघडायचं काय आणि दुरुस्त काय करायचं? दुसऱ्या शहरात एका मोठ्या केंद्रात नोकरी लागलीय. तिथं दुरुस्त करत नाहीत. बदलून देतात.”

“कधी निघताय?”

“उद्या. आई पुढे गेलीय... घर लावून बसलीय.”

जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. स्टूल तेवढं होतं. मी त्यावर बसले.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “पुस्तक गेलं तुमचं. त्याची भरपाई मला जन्मात जमणार नाही. पण एक विचारू? दुसऱ्या शनिवारीच सगळी चित्रं दिली असती... तर तिसऱ्या शनिवारी आला असतात?”

“आले असते.”

त्यानं डोळे मिटले.

“आणि मी घाई आहे म्हटलं असतं तर?” मी विचारलं.

“त्याच क्षणी दिली असती.”

एवढंच होतं ते. दोन वाक्यं. दोघांच्या खिशात एकेक, आणि दोघांनी जपून ठेवलेलं.

जग आता जोडलेलं आहे म्हणतात. आम्हीही फोनवर बोललो पुढे, काही दिवस. पण आमचं बोलणं त्या डुगडुगत्या स्टुलावरचं होतं. पडद्यावर दोघंही फार शहाण्यासारखं बोलू लागलो, जेवण झालं का, काम कसं आहे... आणि शहाणी माणसं किती वेळ बोलणार?

मला आठवतो तो दुकानाचा उंबरठा. त्या दिवशी निघताना तो मला सोडायला दारापर्यंत आला होता. बाहेर आमच्या चपला शेजारी शेजारी होत्या, तांबडी वायर बांधलेल्या त्याच्या आणि माझ्या. अगदी माझ्या शेवटच्या चित्रासारख्या. दोघांनीही ते पाहिलं.

“मग? भेटते का तिला?” त्यानं हळूच विचारलं.

“चित्रात भेटते,” मी म्हणाले. “येते, आजोबा.”

आणि मी माझ्या चपला घातल्या.