हादरा

सासूबाईंच्या मनगटावरची बोटं तिला काढवेनात आणि कानाशी धरलेला फोनही खाली ठेववेना. बोटांखाली नाडी बेफाम धावत होती आणि कानात माहेरच्या शेजारच्या काकूंचा कापरा आवाज होता, "पोरी, अण्णांना कसंतरीच होतंय गं... सारखं तुझं नाव घेताहेत. असशील तशी नीघ."

अण्णा म्हणजे तिचे वडील. बाजाराच्या तोंडाशी बसून कुलुपं दुरुस्त करणारा साधा कारागीर. बायको गेल्यावर दुसऱ्या लग्नाचा विचारही मनात न आणता त्यांनी या एकुलत्या लेकीला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. आणि इथे, पायमशीनसमोरच्या स्टुलावर, अर्धवट शिवलेलं झबलं मांडीवर तसंच टाकून सासूबाई घामाघूम बसल्या होत्या. छातीत पेसमेकर बसवल्याला जेमतेम काही महिने झाले होते.

"काळीज उडून बाहेर येईल असं वाटतंय गं... मला सोडून जाऊ नकोस," त्या पुटपुटल्या.

नवरा मालवाहू बोटीवर, भर समुद्रात. तिनं दुसऱ्या गावी राहणाऱ्या नणंदेला फोन लावला. सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "तुझ्या वडिलांजवळ निदान शेजारपाजार तरी आहे. आईजवळ कोण आहे? तू गेलीस आणि तिला काही झालं, तर जन्मात तुझं तोंड पाहणार नाही मी."

ती गेली नाही. खड्ड्याखड्ड्यांतून रिक्षा हॉस्पिटलकडे धावत होती, आणि तेवढा वेळ सासूबाईंची नाडी तशीच पळत होती. खाटेवर आडवं केल्यावर मात्र हळूहळू शांत झाली. डॉक्टरांना काहीच वावगं दिसलं नाही, तरी सकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवायचं ठरलं. सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. तो हात न सोडवता ती भिंतीकडे पाहत बसून राहिली, आणि उजाडता उजाडता काकूंचा पुन्हा फोन आला... ती माहेरी पोचली तेव्हा घरात माणसं होती, अण्णा नव्हते.

परत आल्यावर तिनं कुणाला बोल लावला नाही, फक्त तिचं बोलणंच आटलं. सासूबाईंची धडधड मात्र थांबली नव्हती. कधी मशीनवर बसल्या असताना, कधी रिक्षात, ध्यानीमनी नसताना ठोके वाढत आणि मग आपोआप उतरत. चार दिवस राहायला आलेल्या ताईंनी त्याचं खापर तिच्यावरच फोडलं. "घरात हे असं तोंड बघून आईच्या जिवाला घोर लागणार नाही तर काय? माणसं काय फक्त तुझीच जातात?"

त्या दिवसापासून ती हसू लागली. ताट वाढताना हसे, औषध देताना हसे, आणि मोरीचं दार लावून घेतलं की नळ सोडून, त्या पाण्याच्या आवाजात अण्णांसाठी रडून घेई. सासूबाईंचं हृदय आपल्या दुःखानं दुखावतं, हे तिनं खरंच मानलं होतं.

पेसमेकरच्या तपासणीला ताईंसह तिघी मिळून गेल्या. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी छातीवर छोटं उपकरण ठेवलं, पडद्यावरचे आकडे न्याहाळले आणि विचारलं, "धडधडतं तेव्हा तुम्ही काय करत असता, आजी?"

"काही नाही हो. नुसती बसून मशीन चालवत असते."

बाईंनी पेसमेकरवर बोटांनी हलकेच टकटक केलं. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या, तरी पडद्यावरचे ठोके भराभर चढले.

"पाहिलंत? तुम्ही चाललात, जिना चढलात की शरीराला जास्त रक्त लागतं, म्हणून हे यंत्र हालचाल ओळखून ठोके वाढवतं. पण पाय चालताहेत की नुसता हादरा बसतोय, हे त्याला दर वेळी उमजत नाही. मशीनचे, रिक्षाचे हादरे बसले की त्याला वाटतं, आजी निघाल्या धावायला. त्याचा हळवेपणा जरा कमी करते."

"म्हणजे त्या दिवशी..." सासूबाईंनी बाईंकडे पाहिलं. "माझ्या जिवाला काहीच नव्हतं?"

"धोका नव्हता. पण ते तुम्हाला घरी कसं कळणार? आणलंत तेच योग्य केलंत. चक्कर आली, दम लागला, छातीत दुखलं तर पुढेही अजिबात थांबायचं नाही."

त्यांच्यासाठी ते रोजचंच काम होतं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. ती मात्र पडद्यावरच्या आकड्यांकडेच पाहत राहिली. एका हादऱ्यापायी... रागवायचं तरी कुणावर?

बाहेरच्या बाकावर सासूबाईंनी तिला जवळ बसवलं. "खाटेवर पडल्यावर मला बरं वाटलं होतं गं. तेव्हाच तुला जा म्हणायला हवं होतं. कळत होतं मला... पण एकटेपणाची भीती वाटली, हात सुटेना."

ताईंचे डोळे जमिनीला खिळले होते. "मी बोलले ते आता मागे कसं घेऊ?" एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी हट्टानं तिला माहेरी नेलं. अण्णांचं ते एका खोलीचं घर ते गेल्यापासून बंद होतं; तिनं ते उघडलं. किल्ल्यांच्या जुडग्यांवर धूळ बसली होती. काकू शेजारून आल्या, दारातच थबकल्या.

"फार वाट पाहिली का हो त्यांनी?" हा प्रश्न तिनं नाही, सासूबाईंनी विचारला.

"पाहिली. मग मी पुन्हा फोन करायला निघाले, तर नको म्हणाले. म्हणाले, आली नाही म्हणजे कुणाच्या तरी उशाशी बसली असेल. माझीच पोर आहे ती, दुखणाइताला टाकून यायची नाही. आणि मग शांत पडून राहिले."

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला.

"आई, तुम्ही बसा, मी करते..." ती सवयीनं पुढे झाली.

"आज नाही. या घरात तू सून नाहीस, लेक आहेस. बैस तिथे, त्यांच्या जागेवर. आणि हसू नकोस गं आता... माझ्यासाठी तर मुळीच नको."

ती अण्णांच्या बैठकीवर बसली. सासूबाई वाकून सावकाश खोली झाडू लागल्या, आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच ती दार न लावता, मोठ्यानं रडली.