खांद्यावरचा हात

कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातल्या बुद्धविहारात आमचं टीबी तपासणीचं शिबिर होतं. भातकापणी उरकली होती. विहाराच्या अंगणात कुणीतरी पेंढा पसरून ठेवला होता. आमचं एक्स-रे मशीन मोठ्या कॅमेऱ्याएवढं, खांद्याला अडकवून कुठंही नेता येतं. प्लेटला छाती टेकवून माणूस उभा करायचा, मागून बटण दाबायचं, की फोटो लॅपटॉपवर. बरीच वर्षं मी हेच काम करते.

सखाराम आबांना फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांना स्टुलावर बसवलं. फोटो आला. फुप्फुसं स्वच्छ होती. फक्त उजव्या खांद्यावर चार बारीक पांढऱ्या रेघा दिसत होत्या, बोटांसारख्या पेरापेरांच्या.

"आबा, गळ्यात काही आहे का?"

"न्हाई गं पोरी. सदरा बी काढलाय की."

मी प्लेट पुसली. कुणाला न बसवता एक फोटो काढला, तो कोरा आला. आबांचा पुन्हा काढला. रेघा होत्याच, पण आता थोड्या गळ्याकडे सरकल्या होत्या.

तो फोटो मी लोणावळ्याला डॉक्टर अनघा मॅडमना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"चैताली, पेशंटला धरायला लहान मूल उभं केलंस? किरणं लागतात, कळत नाही तुला?"

मी वळून पाहिलं. दारात गावची आशा सेविका ज्योत्स्ना उभी होती, लोकांना एकेक करून आत सोडत.

"ज्योत्स्नाताई, आत एखादं पोर आलं होतं?"

"न्हाई वो. पोरं साळंत गेल्यात. आन् मी दारातनं हाललेच न्हाई."

आबांना खोकला नव्हता, ताप नव्हता, फोटोत डाग नव्हता. त्यांची थुंकी तपासायचं काही कारणच नव्हतं. तरी मी घेतली. बॅटरीवर चालणारं छोटं मशीन होतं, तासाभरात निकाल देणारं. तो तास मी नुसती येरझाऱ्या घालत होते.

टीबी होता.

दुपारी तपासणीला आलेल्या आक्काबाईंच्या खांद्यावर तोच हात दिसला. त्यांचीही फुप्फुसं स्वच्छ आणि थुंकीत टीबी. बाकी गावात कुणाच्या फोटोत काही नव्हतं.

तुंगार्लीला घरी आल्यावरही मला चैन पडेना. जेवता जेवता उठून लॅपटॉप उघडायची, पुन्हा मिटायची. बोटं नुसती टेकलेली नव्हती. त्यांनी घट्ट धरलं होतं.

दोघांना गोळ्या सुरू झाल्या. ज्योत्स्ना रोज त्यांच्या घरी जाऊन समोर बसून गोळ्या घ्यायला लावायची. उपचार संपल्यावर मी दोघांचे फोटो काढले. खांदे मोकळे होते. मला इतकं हायसं वाटलं, की ज्योत्स्ना खोकली तेव्हा मी हसतच म्हटलं, "चला, तुमचाही काढू."

या वेळी बोटंच नव्हती. मनगटापर्यंत अख्खा हात होता, तिच्या गळ्याशी.

ज्योत्स्ना उभी होती. स्टुलावर बसलेली नव्हती. जमिनीवर उभ्या पोराचा हात तिथवर पोचलाच नसता.

"काय दिसलं, मॅडम?"

"काही नाही. थुंकी देऊन ठेवा."

तिलाही टीबी निघाला. तिनं एक दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या. गेल्या महिन्यात तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात बोलावलं. खोकला गेला होता, वजन वाढलं होतं, थुंकी स्वच्छ होती. मग फोटो काढला.

हात होता.

अनघा मॅडमनी तिचे जुना आणि नवा असे दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावले. मनगटाचा भाग मोठा करून पाहिला.

"मूल तेच आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण मनगटात एक हाड नवीन दिसतंय. आधीच्या फोटोत ते नव्हतं. मूल वाढतं तशी ही हाडं एकेक करून दिसू लागतात. या वयात मुलं भराभर..."

त्यांनी दोन्ही फोटो बंद केले.

बाहेर ज्योत्स्ना बाकावर वाट पाहत होती.

"मी बरी झाले न्हवं, मॅडम?"

"हो. पूर्ण बऱ्या झालात."

ती हसली, पिशवी काखोटीला मारून एसटी स्टँडकडे निघाली. मी खिडकीतून पाहत राहिले. एका बाजूला कलून, कंबर बाहेर काढून ती चालली होती. कोपऱ्यावर क्षणभर थांबली. पिशवी खाली ठेवली, रिकामे हात कमरेशी नेले, काहीतरी अलगद उचलून उजव्या कडेवरून डाव्या कडेवर घेतलं, आणि पिशवी उचलून पुढं चालू लागली.