लूसीचं झाकण

पितरांच्या जेवणाला आलेल्या माणसाला नाव विचारायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, जो येईल त्याला वाढायचं आणि पोट भरल्याशिवाय उठू द्यायचं नाही. नोव्हेंबर लागला की तळ्याकाठच्या आमच्या क्रॉस व्हिलेज या आदिवासी गावात घरोघरी हेच चालतं. माणसं एका घरी मक्याचं सूप पितात, दुसऱ्या घरी हरणाचं मटण खातात, आणि त्यांच्या घोळक्यात आणखी कोण कोण येऊन जेवून जातं त्याची चौकशी कुणी करत नाही.

मला ही रीत खटकते. मी आयुष्यभर विमा कंपनीत खोटे दावे पकडायचं काम केलं. नाव न विचारता कुणाच्या हातात चमचासुद्धा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गेल्या वर्षी असाच एक गोड बोलणारा पाहुणा तीन वाट्या सूप प्यायला आणि जाताना मावशीची डबी जवळजवळ फुकटात घेऊन गेला.

फिलोमिना मावशीच्या डब्या म्हणजे भूर्जाच्या सालीच्या, वर साळिंदराच्या काट्यांची नक्षी, कडेला सुगंधी गवताची शिवण. गावात आता हे काम तिच्याशिवाय कुणाला येत नाही. पण फळीवर एक डबी होती, ती विकायची नव्हती. नुसता तळ होता तो, झाकण नव्हतं. मावशीची धाकटी बहीण लूसी लहान असताना दोघींनी मिळून ती केली होती. तळ मावशीचा, झाकण लूसीचं. त्याच वर्षी पानगळीत सरकारी माणसांनी लूसीला गोऱ्यांच्या निवासी शाळेत नेलं, तेव्हा आमच्या सगळ्याच पोरांना नेत तसं. झाकण ती बरोबर घेऊन गेली. परत आली नाही. शाळेने सांगितलं, पळाली. ना प्रेत, ना थडगं.

म्हणून मावशी पितरांच्या मेजावर आईबापाचं ताट मांडते, माझ्या आईचं मांडते, पण लूसीचं कधीच नाही.

"जिवंत असली तर? मी तिला माझ्या हाताने मारू का?" ती म्हणायची.

या वर्षी तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच जेवणासाठी. डॉक्टर नको म्हणत होते. मावशी म्हणाली, मेलेली माणसं तारीख पुढे ढकलत नाहीत. गाडीत माझा हात धरून म्हणाली, "बर्नी, लूसीचं ताट मांडू की नको, एवढं एकदा कळू दे. मग न्या मला खुशाल." मला रडू आलं. मी आरशात मागची गाडी बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळपर्यंत घर भरलेलं होतं. माझा मावसभाऊ लीवाय सगळ्यांत शेवटी उठला. पितरांच्या ताटातलं सूप उद्या कुत्र्याला घालू का, असं मी विचारत होते.

"कुत्रं तोंड लावणार नाही," मावशी म्हणाली. "त्यांनी खाल्लं की चव त्यांच्याबरोबर जाते. अन्न दिसतं तेवढंच, बाकी पाणी."

"मावशी, तुझ्या सुपाला चव कधी होती गं? बिचाऱ्या पितरांवर उगाच आळ!" लीवाय म्हणाला.

"मग तीन वाट्या कुणी ढोसल्या रे, तुझ्या आज्याने?"

हसत हसत तो पुढच्या घरी गेला. आम्ही दोघी उरलो. मी आमची दोन ताटं वाढून घेतली, तोच ती बाई दारात दिसली.

वय मावशीच्या आसपास. अंगात पातळ करडा झगा, तळ्यावरून एवढा वारा सुटलेला असताना. केस पांढरे, कानाखाली सरळ कापलेले, एका बाजूला जास्त. असे केस कुणी पैसे देऊन कापून घेत नाही.

"ये गं, बस," मावशी म्हणाली.

मी वाढलं. ती भराभर जेवली, ताटाभोवती डावा हात आडवा धरून, कुणी हिसकावून घेईल अशी. मग ताट पुढे केलं. "अजून देता?"

दिलं. माझं लक्ष तिच्या डोळ्यांवर होतं. ती फळीकडे बघत होती. एवढ्या पूर्ण डब्या सोडून नेमकी त्या बिनझाकणाच्या तळाकडे. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. गुपचूप पुरलेली पोरं शोधायला शाळेच्या आवारातली जमीन आता यंत्र लावून तपासत होते, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रात मावशीचा फोटो आला होता, तो तळ हातात धरलेला. लूसीची सगळी हकीगत खाली छापलेली. कुणीही वाचून येऊ शकत होतं.

"कुठून आलात तुम्ही?" मी विचारलं.

"बर्नी! जीभ आवर!" मावशी कडाडली.

बाईने चमचा खाली ठेवला. "जवळच होते. निघायला मिळत नव्हतं."

मी उठले. ही एकटी आली नसणार, बाहेर कुणीतरी गाडी घेऊन थांबलं असणार. पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेले. गाडी नव्हती. दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा होता आणि शेजाऱ्यांचा कुत्रा, जो पोस्टमनलाही सोडत नाही, आमच्या पायरीशी मुकाट बसला होता.

दाराकडे माझी पाठ क्षणभरच झाली असेल. आत आले तर खुर्ची रिकामी. मागच्या दाराला सरपणाची रास टेकलेली होती, ती तशीच होती.

मावशीच्या मांडीवर डबी होती. झाकणासकट.

"दे इकडे," मी म्हणाले. जुनी साल आक्रसते. तळ इथे, झाकण दुसरीकडे, इतकी वर्षं वेगळी राहिली तर ती एकमेकांत बसूच शकत नाहीत. ही बसली होती, घट्ट. मी झाकण उचललं. काट्यांचं वेडंवाकडं स्ट्रॉबेरीचं फळ. पण कडेचं गवत हिरवं होतं. वास ताजा.

"बघ! मी म्हणत नव्हते? हे या उन्हाळ्यातलं गवत आहे. फोटो बघून केलंय कुणीतरी. मावशी, ही बाई लबाड आहे!"

"अस्तर काढ," मावशी म्हणाली.

झाकणाच्या आतून काट्यांची टोकं झाकायला सालीचा तुकडा लावतात. मी तो नखाने सोडवला. सगळे काटे नीट कापून दुमडलेले. एक सोडून. त्याचं काळं टोक तसंच ठेवलेलं होतं.

"टोक आधी कापायचं असतं, ती विसरली," मावशी म्हणाली. "मला टोचलं म्हणून मी रागावले. ती रडायला लागली, म्हणून मीच वर अस्तर लावलं. आईलासुद्धा सांगितलं नाही आम्ही."

हे वर्तमानपत्रात नव्हतं. कुठेच नव्हतं.

मावशीने त्या टोकावर बोट ठेवलं आणि दाबलं. काटा आत गेला. साळिंदराच्या काट्याला उलटी कुसळं असतात, निघता निघत नाही. तिने तो सहज ओढून काढला आणि हसली. बोटावर रक्ताचा थेंब नव्हता. म्हाताऱ्या माणसाचं रक्त ते किती, असं मी स्वतःला सांगितलं.

"पण जिवंत आहे की..." मी विचारलं.

"ताटं उचल आता," ती म्हणाली.

मी तिन्ही ताटं स्वयंपाकघरात आणली. पाहुणीच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलेलं थोडं उरलं होतं. मी दार ढकललं आणि चमचाभर तोंडात घातलं.

काहीच नाही. कोमट पाणी.

म्हणजे लूसीचं ताट मांडायला हवं होतं. मग माझा जुना धंदा आठवला. एकाच पुराव्यावर विश्वास ठेवू नये. माझी जीभच गेली असेल.

माझ्या ताटातलं चाखलं. मीठ होतं, डुकराच्या मांसाचा धुरकट वास होता, मका गोड होता.

तिसरं ताट मावशीचं. अर्धं जेवली होती.

चमचा तोंडात कितीतरी वेळ धरला. कोमट पाणी.

"बर्नी," बाहेरून मावशीचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. "दार लावू नकोस गं. ती अंगणातच थांबलीये."