शिखरावर न गेलेला झेंडा

"च्यायला!"

त्या चिमुकल्या बव्हेरियन स्टेशनावर हा शब्द ऐकला आणि इरा जागच्या जागी थांबली. गाडीतून त्या दोघांशिवाय कुणी उतरलंच नव्हतं. समोर एक उंच, काटकुळा तरुण रुळांकडे हताश होऊन बघत होता. त्याच्या हातातलं सफरचंद घरंगळत खाली गेलं होतं.

"सांगली की कोल्हापूर?" तिने विचारलं.

तो दचकून वळला. आधी कान लाल झाले, मग हसू आलं. "सांगली. सॉरी हं... इथे कुणाला कळेल असं वाटलं नव्हतं."

"मला कळलं. आम्ही पुण्यातही वापरतो."

सिद्धेश हेर्त्सोगेनआउराख नावाच्या गावात इंजिनिअर होता. म्युनिकला मित्राकडे आला होता, आणि मित्र दुपारपर्यंत उठायचा नाही म्हणून एकटाच डोंगर बघायला निघाला होता. इरा म्युनिकजवळ गार्चिंगला पीएचडी करत होती, पण ते तिने फार नंतर सांगितलं. आधी सांगितलं ते हे, की ती ट्रेक लीडर आहे, सह्याद्रीत पोत्याने किल्ले केलेत, आणि आज पायलट ट्रेकला, म्हणजे वाट आधी पाहून ठेवायला आली आहे. एक मेला, महाराष्ट्र दिनाला, मराठी मंडळातली कुटुंबंच्या कुटुंबं या शिखरावर येणार होती. इथल्या शिखरांवर असतो तसा वर एक मोठा क्रॉस होता, त्याच्याशेजारी भगवा झेंडा धरून फोटो काढायचा होता. कल्पना इराची, वाटही इराचीच. मंडळाच्या याहू ग्रुपवर तिने मेलही टाकून दिली होती – वाट सोपी आहे, मुलांना घेऊन या!

वाट मात्र तिने अजून पाहिली नव्हती.

"आणि हा दांडा?" सिद्धेशने तिच्या सॅककडे बोट दाखवलं.

"झेंड्याची काठी. बांबू कुठे मिळणार इथे? बाउमार्क्टमधून, हार्डवेअरच्या दुकानातून, झाडूचा दांडा आणला."

"द्या इकडे, मी धरतो. लीडरचे हात मोकळे हवेत." त्याने दांडा घेतला, आणि घेताना बोटांना बोटं लागली. इराने उगाचच बुटाची नाडी पुन्हा बांधली.

खाली दरीत एप्रिल अगदी रंगात आला होता. कुरणात पिवळी फुलं, चेरीला पांढरा बहर. वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत 'नूर फ्युर गेऊब्टे'.

"फक्त सराव असलेल्यांसाठी," सिद्धेशने वाचलं. "मी इथूनच टाटा करू का?"

"मला आहे ना सराव! तुम्ही नुसते माझ्या मागे या."

"मागे तर लागलोच आहे..." तो पुटपुटला. इराने ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं. पुढचा चढ तिला जाणवलासुद्धा नाही.

जंगल संपत आलं तसा बर्फ सुरू झाला. आधी झाडांच्या बुंध्याशी, मग सगळीकडेच. दगडांवर रंगवलेल्या वाटेच्या खुणा त्याच्याखाली गडप झाल्या. इरा क्षणभर गोंधळली. सह्याद्रीत असं कधी होत नाही. तिथे मळलेली वाट धरली की माणूस पोचतो, नाहीतर गुराख्याला विचारायचं. इतक्यात तिला बर्फात पावलं दिसली. खोल, ठसठशीत.

"ही बघा मळलेली वाट!" ती आनंदाने म्हणाली.

सिद्धेश वाकून ठसे बघत राहिला. "काही वर जाताहेत, काही खाली येताहेत..."

"म्हणजे गेला आणि आला. वाट बरोबर आहे!"

"हो... पण..." त्याने वर पाहिलं. पुढचा चढ छातीवर येत होता. "परत फिरू या का? असंच आपलं विचारतोय."

"घाबरलात होय?" इराने मान तिरकी करून विचारलं. डोळ्यांत नुसती मस्करी होती.

"छे! घाबरतोय कशाला... चला."

ऊन चढलं होतं. वरचा बर्फ मऊ झाला होता आणि खालचा तसाच कडक होता. क्रॉस आता स्पष्ट दिसत होता. आणि उताराच्या बरोब्बर मधोमध ती पावलं संपली. तिथे बर्फ तुडवलेला होता. कुणीतरी बराच वेळ उभं राहून विचार केला होता आणि मुकाट्याने मागे वळलं होतं. पुढे कोरा बर्फ पसरला होता.

इराला सगळं समजलं. तो माणूस शिखरावर गेलाच नव्हता. पण समजूनही मान्य करायचं, तेही 'घाबरलात होय' म्हणून झाल्यावर? त्या मेलचं काय? आणि मागे उभ्या असलेल्या या मुलाच्या नजरेत आपण काय राहणार?

"क्रॉस तर इथेच आहे," ती म्हणाली आणि कोऱ्या बर्फात पाऊल टाकलं.

दुसऱ्याच पावलाला पाय सटकला.

ओरडायलाही वेळ मिळाला नाही. ती पाठीवर घसरत गेली आणि एका खुरट्या पाइनच्या झुडपात अडकली. फांद्यांपलीकडे बर्फ संपत होता आणि खाली खडक दिसत होते. तिने झुडूप घट्ट धरलं.

"हलू नका!" वरून आवाज आला. सिद्धेश टाचा रोवत, बसत-सरकत खाली आला. बर्फात पालथा पडला आणि त्याने झेंड्याचा दांडा पुढे केला. "धरा. दोन्ही हातांनी..."

"सिद्धेश, सोडू नकोस... प्लीज, सोडू नकोस!"

त्याने सोडला नाही. ती वर आली तेव्हा दोघांनाही धाप लागली होती, आणि दांड्याला गुंडाळलेलं भगवं कापड सुटून ओल्या बर्फात लोळत होतं. त्याने ते उचललं, झटकलं, नीट घडी घालून स्वतःच्या जॅकेटच्या आत ठेवलं. दोन शब्द रागाचे बोलला असता तर बरं झालं असतं, असं इराला वाटलं.

उतरताना तो पुढे होता. उताराकडे तोंड करून, बुटाने बर्फात खाच पाडत एकेक पायरी करायचा आणि थांबायचा. ती त्याच्या पायरीत पाय ठेवायची. लीडर! तिला स्वतःचाच तो शब्द आठवला आणि कानशिलं तापली. तिने खाली येईपर्यंत मान वर केली नाही.

स्टेशनवरच्या बाकावर त्याने थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात दिला.

"ग्रुपवर मेल टाकते," ती कपाकडे बघत म्हणाली. "खराब हवामानामुळे ट्रेक रद्द."

सिद्धेशने आभाळाकडे पाहिलं. निळंभोर, एक ढग नाही. इराला आणखीच लाजल्यासारखं झालं.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "मला खालीच शंका आली होती. जाणारी आणि येणारी पावलं सारखीच खोल, सारखीच ताजी होती. एवढ्यात शिखर करून कुणी येत नाही. तो माणूस मध्येच वळला असणार, हे मला कळलं होतं. पण मी बोललो नाही."

"का?"

"घाबरलो होतो... खरंच. पण तुमच्यासमोर घाबरायचं नव्हतं मला." त्याने थर्मासचं झाकण उगाचच घट्ट केलं. "तुम्ही घसरलात ना, तेव्हा वाटलं, एक वाक्य बोललो असतो तर..."

इराला त्याचा राग आला. मग स्वतःचा आला. मग त्या ओशाळलेल्या, लाल कानांच्या मुलाकडे बघून राग कुठल्या कुठे गेला, आणि तिने चटकन तोंड फिरवलं. गाडी आली. म्युनिकपर्यंत दोघं समोरासमोर बसले होते, आणि खिडकीच्या काचेत चोरून एकमेकांकडे बघत होते.

मेलमध्ये तिने एवढंच लिहिलं, की शिखराऐवजी तळ्याकाठी जमू या. कारण लिहिण्याची हिंमत झाली नाही.

एक मेला तळ्याकाठच्या हिरवळीवर चादरी पसरल्या, पुऱ्यांचे डबे उघडले. सिद्धेश आला होता, थेट हेर्त्सोगेनआउराखहून. झेंडा धुऊन, इस्त्री करून आणला होता. पण तो कडेलाच उभा राहिला.

"काय गं इरा, शिखराचं काय झालं?" मंडळाच्या वसुधाताईंनी सगळ्यांदेखत विचारलं. "हवा खराब होती का?"

'हो' म्हटलं की सुटका होती. सगळे तिच्याकडे बघत होते. कडेला उभा असलेला तो मात्र बुटांकडे बघत होता.

"नाही, वसुधाताई," इरा म्हणाली. "हवा छान होती. मी वाट न बघताच सोपी आहे म्हणून लिहिलं होतं. वर खूप बर्फ आहे. मला परत फिरायला सांगितलं, तरी मी हट्टाने पुढे गेले... आणि घसरले. मी चुकले."

"माझी नातवंडं येणार होती गं त्या वाटेने," वसुधाताई हळूच म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. इराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझीही चूक आहे," मागून आवाज आला. सिद्धेश पुढे आला होता, कान लालेलाल. "मला धोका दिसला होता. मी नीट सांगितलं नाही."

वसुधाताईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "बरं... पुऱ्या गार होताहेत. आधी बसा दोघं."

जेवणं झाल्यावर तळ्याकाठच्या पायवाटेने दोघं निघाले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पाणी स्वच्छ होतं आणि पलीकडे तो डोंगर, माथ्यावर अजून पांढरा.

"सिद्धेश..."

"हं?"

"मला तुला काहीतरी सांगायचंय. पण... भीती वाटतेय."

तो थांबला. "मग परत फिरू या?"

"नको," ती म्हणाली. "तुला वाटते का भीती?"

"खूप," तो म्हणाला. या वेळी त्याने लगेच सांगितलं, आणि तिचा हात धरला.