काठावरची गादी

ही बनवलेली गोष्ट नाही. पटलं तर वाचा, नाहीतर पुढं सरका. बिजलीबाई राठोड माझी सख्खी मावशी, आणि मावशीनं जन्मात कधी भुताखेताचं नाव घेतलं नाही. भुतांची तिला भीती नाही. तिला किळस येते ती माणसांची.

याच मार्चमधले चार दिवस. सोमवार ते गुरुवार. आणि रात्रीबेरात्रीचं काही नाही बरं का, सगळं लख्ख उजेडात घडलं.

बाभुळगावच्या पुढं आमचा तांडा आहे. तांड्याच्या खाली तळं. एका संस्थेनं तळ्याचा काठ पाखरांसाठी राखून ठेवलाय आणि मावशी त्या काठाची राखणदार. काठावर माजलेली बेशरमीची झुडपं मुळासकट उपटायची, कारण नुसती कापली तर पडलेला तुकडा न तुकडा पुन्हा फुटतो. चोरून जाळी टाकणाऱ्यांना हाकलायचं. टिटवीनं उघड्यावर अंडी घातली की तिकडून गुरं वळवायची.

आणि लोकांची घाण उचलायची.

आपल्याकडं माणूस मेलं की त्याची गादी, उशी, कपडे पाण्याच्या काठी नेऊन टाकतात. बाभुळगावचे, पार यवतमाळचे लोक कार घेऊन येतात. डिक्की उघडतात, फेकतात आणि मागं न बघता पळतात. पाखरांनी त्यात राहायचं, मावशीनं ते उचलायचं.

शुक्रवारी संस्थेचे लोक काठ बघायला येणार होते. काठ साफ दिसला तर मावशीची नोकरी कायम. नाही दिसला तर पुन्हा दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला. नवरा नाही, गुडघे गेलेले. ही नोकरी तिला पाहिजेच होती.

सोमवारी सकाळी सातला ती काठावर गेली, तर अगदी पाण्याला लागून एक गादी पडलेली. कापसाची, निळ्या पट्ट्यांची. मधोमध हा एवढा तपकिरी डाग. मुताचा वास. तोसुद्धा ताजा नाही, महिनोन्‌महिने मुरलेला. बाजूला पिशवी, तिच्यात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि दवाखान्याची फाईल.

"श्शी! लाजा कशा वाटत नाईत यायले!" म्हणत मावशीनं नाकाला पदर लावला आणि गादी फरफटत वर नेऊन कचऱ्याच्या ढिगावर टाकली. फाईल कागदांच्या पोत्यात. कागद वेगळे, प्लास्टिक वेगळं, ही तिची पद्धत.

मंगळवारी सकाळी...

गादी पुन्हा पाण्याजवळ.

तिला वाटलं, कुत्र्यांनी ओढली असेल. शिव्या देत तिनं ती पुन्हा वर नेली. पण कुत्र्यांच्या दातांची एकसुद्धा खूण नव्हती.

बुधवारी तेच.

आणि बुधवारी तिला आणखी एक दिसलं. गादीत खळगे पडले होते. डोक्याचा एक, खांद्यांचा एक, खाली टाचांचे दोन लहान.

त्या बाजूला एकही टिटवी ओरडत नव्हती. एरवी माणूस दिसलं की डोकं उठवतात मेल्या. त्या दिवशी काठाचा तेवढाच भाग... गप्प.

तिनं दिराला हाक मारली. पूनमसिंग काका आला. गादीला दोर बांधून दोघांनी ती ओढत कुंपणाबाहेर नेली आणि बाभळीच्या खोडाला चार गाठी मारून बांधली.

"आता कुठं जाते थे पाहतो," काका म्हणाला.

गुरुवारी सकाळी दोर बाभळीलाच होता. चारही गाठी जशाच्या तशा.

गादी नव्हती.

ती पाण्याजवळ होती. त्याच जागी. मावशीनं वाकून खळग्यात हात घातला...

ऊब होती.

आत्ता, या क्षणाला कोणी अंथरुणातून उठून गेल्यासारखी. आणि मधला डाग ओला. वास ताजा. मावशीला तिथंच भडभडून ओकारी आली.

"वयनी, मेलेलं माणूस अडकलंय यात," काका म्हणाला. "जाळून टाक. मोकळं होईल बिचारं."

यात चूक काय होती? काठावर गादी आली म्हणजे माणूस गेलं, हे आमच्याकडं लेकराला विचारलं तरी सांगेल. शिवाय उद्या शुक्रवार. दोघांनी कुंपणाबाहेर वाळलेल्या बेशरमीचा ढीग केला, त्यावर गादी टाकली, रॉकेल शिंपडलं. अकरा वाजले होते. ऊन रणरणत होतं.

ओली गादी पेटते कधी? पण पेटली. धडधडून पेटली.

आणि आतून...

कण्हणं आलं.

म्हाताऱ्या माणसाचं. आधी बारीक, मग मोठं. काका उलट्या पावलानं पळाला तो थेट तांड्यात. मावशी जागेवर थिजली. कापूस जळून काळा झाला, तेव्हाच तो आवाज थांबला.

"बाप्पा! याचं काहीतरी राहून गेलंय," एवढंच तिच्या मनात आलं. दहावं नीट झालं नसेल, घरच्यांना सांगितलं पाहिजे. तिनं पोत्यातून फाईल काढली. वरती नाव होतं, वामनराव पांढरीपांडे, आणि बाभुळगावचा पत्ता.

दुपारी तीनला ती त्या दारात उभी होती. चांगलं घर. दारात तुळस, फरशी चकचकीत. सुनेनं दार उघडलं. पद्मजाबाई.

"काय हवंय?"

"मी तळ्यावरची राखणदार हाय, बाई. तुमच्या घरी मयत झाली ना? थ्या गादीबद्दल बोलाचं होतं."

पद्मजाबाईंचा चेहरा उतरला.

"मयत? छे हो! कोणाची? बाबा आत आहेत."

मावशीनं हातातली फाईल पुढं धरली.

"मंग गादी काहून टाकली?"

"अहो, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. गादी सारखी ओली व्हायची. वासानं घरात बसवेना. सोमवारी पाहुणे यायचे होते, म्हणून माझा नवरा, साकेत, आदल्या रात्री टाकून आला. तसं पण..." ती थांबली.

तसं पण काय? मावशीनं विचारलं नाही. मी असते तर विचारलं असतं. तसं पण किती दिवस राहिलेत, हेच ना?

आतून कण्हणं आलं.

मावशीनं तो आवाज ओळखला.

"आज काय झालं कोण जाणे," पद्मजाबाई म्हणाल्या, "अकराच्या सुमाराला एकदम ओरडायला लागले. कूस वळवून बघितलं तर सगळी पाठ फोडांनी भरलेली. साकेत डॉक्टरांना आणायला गेलाय."

मावशी तिला न विचारताच आत गेली.

मागची खोली. खिडकी बंद. लोखंडी पलंगावर गादी नाहीच, नुसतं प्लास्टिक अंथरलेलं. त्यावर एका कुशीवर म्हातारा, हाडांचा सापळा. पाठीवर मोठमोठे फोड. आणि दोन वर्षं पलंगावरून खाली न उतरलेल्या त्या माणसाच्या टाचांना...

तळ्याचा काळा गाळ.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. मावशीकडं बघितलं. पहिल्यांदा बघितल्यासारखं नाही, ओळखीनं.

"आलात बाई?" तो म्हणाला. "तिथं बरं वाटत होतं. पाखरं होती. आता मी झोपू कुठं?"

शुक्रवारी संस्थेचे लोक आले. काठ बघून खूश झाले. मावशी कायम झाली. पुढच्याच आठवड्यात तिनं एक नवी गादी भरून घेतली आणि काकाच्या मोटरसायकलवर बांधून बाभुळगावला नेली. पद्मजाबाईंनी दारातूनच सांगितलं, बाबा परवा गेले. गादी घेतली नाही. मावशी ती तशीच घरी घेऊन आली.

मागच्या महिन्यात मी तांड्यावर गेलते. गादी ओसरीत अंथरलेली होती. मी टेकायला गेले तर मावशी ओरडली, "उठ! थिथं नको बसू!"

गादी नवीकोरी. तिच्यावर घरातलं कोणी झोपत नाही, शेजारपाजारचं कोणी येत नाही.

पण वास...

तोच. मुताचा.

सकाळी उठले, तर मावशी हौदावर त्या गादीवरची चादर धूत बसलेली.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "घरच्याइनं नाई धुतली, मंग कोण धुणार?"

तिला किळस येत नव्हती. मला येत होती, अजून येते. पिळून झाल्यावर तिनं चादरीचं एक टोक माझ्यापुढं धरलं, दोरीवर टाकू लाग म्हणून. मी हात मागं घेतला. मावशीनं ती एकटीनंच वाळत घातली.