तेविसावा सेकंद

"तिथे नाही... तू चुकीच्या जागी बघत्येस."

ओर्नेलाने दचकून मान वळवली. रोसारिओच्या नदीकाठच्या कॅफेत, भर दुपारी चार वाजता, कोण मेला आपल्या लॅपटॉपमध्ये डोकावतोय? फणकाऱ्याने काहीतरी बोलणार, तोच तिला त्याच्या करंगळीवरचा तीळ दिसला. हा तीळ सकाळपासून तिने दोनशे वेळा पाहिला होता, पडद्यावर!

"फर्मीन इसास्ती?"

"चेहरा न बघता ओळखणारी तू पहिलीच," तो हसला.

ओर्नेला जाहिरातींच्या फिल्म्स जोडायचं काम करायची. पण लोक तिला ओळखायचे ते दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला तिच्या चॅनेलवर येणाऱ्या निकालामुळे. पत्त्यांच्या जादूची एखादी फिल्म घ्यायची, बारकाईने तपासायची आणि सांगून टाकायचं – ही खरी हातचलाखी, की नुसती कात्री. सहा वर्षांत तिचा निकाल एकदाही चुकला नव्हता. आज पाळी फर्मीनच्या चाळीस सेकंदांच्या फिल्मची होती. ती खरी ठरली, तरच तांदिलच्या जादू महोत्सवात त्याला बोलावणार होते.

"माझ्या मागावर आलायस?"

"रोज इथेच बसतो मी. मागावर तू आलीस." समोरची खुर्ची ओढून तो बसलासुद्धा. "कशाला डोळे फोडून घेत्येस? हात पुढे कर."

त्याने खिशातून स्पॅनिश पत्ते काढले, बदाम-इस्पिकऐवजी नाणी-तलवारी असलेले. त्यातला नाण्यांचा एक्का तिला दाखवला आणि उलटा करून तळव्यावर ठेवला. मग तिची मूठ मिटून त्यावर हलकेच आपला हात ठेवला. बाहेर पाराना नदीवर धुकं उतरत होतं, पलीकडचा काठ केव्हाच दिसेनासा झाला होता. त्या हाताची ऊब तेवढी कळत होती... किती वेळ, कुणास ठाऊक.

"उघड."

मुठीत तलवारीचा एक्का होता. ओर्नेलाने पत्ता उलटसुलट करून पाहिला. एवढ्या जवळून, इतकी टक लावूनही तिला काहीच दिसलं नव्हतं. तिला चक्क आनंद झाला.

"कॉफी आणतो," म्हणत तो उठला.

आणि सवय वाईट! तेवढ्या वेळात तिने फिल्म पुन्हा लावली. तेविसावा सेकंद. बशीतल्या चमच्याची सावली... केसभर उडी मारत होती. पुन्हा पाहिलं. फिल्म तिथे कापून जोडली होती.

काउंटरपाशी तो दोन कप सांभाळत, कुणाचीतरी थट्टा करत उभा होता. ओर्नेला क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने निकालाच्या चौकटीत एकच शब्द लिहिला: 'खरी'. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती खोटं बोलणार होती, आणि तेही तासाभराच्या ओळखीवर.

कप ठेवता ठेवता त्याने तो शब्द वाचला. खुलायच्या ऐवजी त्याचा चेहरा पडला.

"थांब. नको पाठवूस." तो खुर्चीत बसला. "तेविसावा सेकंद बघ. तिथे कापलंय मी."

"...माहितीये मला."

"माहितीये? मग हे काय लिहिलंयस?"

"तू आधी सांग, का कापलंस? हात तर इतका छान चालतो तुझा."

"माणसांसमोर चालतो गं. माणसांच्या पापण्या लवतात. कॅमेरा बघतच राहतो... अकरा वेळा पत्ता दिसला. शेवटी दोन तुकडे जोडले." तो कसनुसा हसला. "आता तू बोल."

ओर्नेलाने फोन साखरदाणीला टेकवून उभा केला, चित्रण सुरू केलं आणि तळहात पुढे केला. "बाराव्यांदा कर. माझ्यासमोर. कापायचं नाही, काय होईल ते होईल."

त्याने सुरुवात केली. हात झुळझुळ चालत होते. ओर्नेला श्वास रोखून बघत होती. बघता बघता तिने खालचा ओठ दातांखाली धरला.

झालं! अर्जेंटिनात पोरं चालायला लागली की त्रुको हा पत्त्यांचा डाव खेळायला शिकतात, आणि त्रुकोत भिडूला चेहऱ्यानेच खुणावायचं असतं. ओठ चावला म्हणजे हातात तिर्री आहे. फर्मीनची नजर सवयीने पटकन तिच्या ओठांवर गेली, आणि तिथेच राहिली. तलवारीचा एक्का त्याच्या बोटांतून निसटून थेट कॉफीत पडला.

"तिर्री नव्हतीच माझ्याकडे!" ती खो खो हसत म्हणाली.

"मग ओठ कशाला चावलास, बाई?" तो कानापर्यंत लाल झाला होता. "पूस ते चित्रण आता."

"कशाला पुसू? हाच तर पुरावा आहे. कात्री वापरणाऱ्याचा पत्ता कधी पडलाय का?" तिने 'खरी' हा शब्द खोडला आणि लिहिलं: 'फिल्म जोडलेली. हात मात्र खरा. खालचं चित्रण बघा.' मग त्याच्याकडे पाहिलं. "तू नको म्हणालास तर नाही टाकणार."

ओला एक्का त्याने रुमालाने टिपला. मग हळूच म्हणाला, "टाक."

सहाच्या ठोक्याला तिने बटण दाबलं.

"गेलं तांदिल," तो म्हणाला. आवाज हलका ठेवायचा त्याने प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"कुठे जातंय? त्यांनी नाही बोलावलं तर तिकीट काढून जाऊ आपण. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू."

"आपण...?"

सहा वर्षं ओर्नेला दुसऱ्यांची वाक्यं कापत आली होती. हे मात्र तोंडातून निघून गेलं होतं, आणि तिला ते मागे घ्यायचं नव्हतं.

"हो – आपण."

फर्मीनने पत्त्यांचा जोड खिशात टाकला आणि रिकामा हात टेबलावर उताणा ठेवला. तिने त्यावर आपला हात ठेवला.